पूर्वाच्या जागी चोवीस इंच

८ फेब्रु., रवि.

आजही तेच. चार वाजता पूर्वाचा व्हिडिओ कॉल. सुलक्षा आणि मी एका फोनसमोर गालाला गाल लावून बसलो. लग्नाच्या फोटोतसुद्धा आम्ही एवढे जवळ नव्हतो. पहिली दोन मिनिटं बरी गेली, मग चित्र अडकलं. पूर्वाचा हात वर उचललेला, बोटं धुकट, आणि तशीच थांबली.

ऐकणाऱ्या-बोलणाऱ्या माणसांचं चित्र अडकलं तर आवाज तरी चालू राहतो. आमच्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. आमचं चित्र अडकलं की बोलणंच अडकलं.

शेवटी तिने अंगठा दाखवला आणि फोन ठेवला. अंगठा म्हणजे सगळं बरं आहे. गेले सात रविवार मी अंगठाच बघतोय. पुण्यातला कोर्स जूनअखेर संपेल, मग ती येईल. पण तोवर असंच चाललं तर येईल ती मुलगी आम्हांला किती ओळखीची असेल, कोण जाणे.

९ फेब्रु., सोम.

दुकानात एका गिऱ्हाइकाने अक्कल शिकवली, "मास्तर, तिला लिहून पाठवायला सांगा की." ब्लाउजचं माप घेत होतो म्हणून गप्प राहिलो, तोंडात टाचण्या होत्या. पूर्वा लिहिते ते शाळेत पाठ केलेलं. 'बाबा जेवण झाला. मी छान आहे.' तीच पूर्वा हातांनी सांगायला लागली की म्हापशाची बस, कंडक्टर, त्याच्याशी भांडणारी बाई, सगळं समोर उभं करते.

आणि आमच्या खुणा कुठल्या पुस्तकात नाहीत. ती दोन वर्षांची होती तेव्हापासून घरातच जमत गेल्या. मी म्हणजे सुईतून दोरा ओढणं. सु. म्हणजे कपाळाला बोट. बाकी देऊळ, विहीर, दुकान, शेजारी, जे जिथे आहे तिकडे बोट दाखवायचं. डिचोली म्हणजे सु.चं माहेर, त्यासाठी खांद्यावरून मागे बोट. काम भागतं.

मल्लाप्पा (माझा कारागीर, बेळगावकडचा, मशीन चालवताना सगळं ऐकत असतो) म्हणाला, "मास्तर, घरात मोठा कॉम्प्युटर घ्या की. हात मोकळे राहत्यात. फोन धरायला एक हात जातोय, मग राहिलेल्या एका हातानं काय बोलणार तुम्ही?"

पंधरा वर्षं तो माझ्या शेजारी बसतो. इतकं शहाणं पहिल्यांदाच बोलला.

१३ फेब्रु., शुक्र.

म्हापशाचा बाजार. मिरच्या, नारळाची दोरी आणि कॉम्प्युटरची चौकशी. दुकान एक बाई चालवते, प्रज्ञाबाय, पन्नाशीची. तिने विचारलं, "मास्तर, कॉम्प्युटर कित्याक जाय?"

"उलोवपाक," मी म्हणालो. बोलायला.

"उलोवपाक मोबायल आसा न्हय?"

मग सगळं सांगितलं. तिने समोरचं माहितीपत्रक मिटून ठेवलं, खुर्ची दिली आणि पहिल्यापासून समजावायला बसली.

समजलं ते असं. स्क्रीन इंचांत. प्रोसेसर नंबरात: तीनवाला, पाचवाला, सातवाला. जास्त नंबर म्हणजे जास्त दमाचा. पण त्यात पिढ्या आहेत. जुन्या पिढीचा पाचवाला कपाटावर धूळ खातो आणि नव्या पिढीचा तीनवाला त्याच्या पुढे पळतो. प्रोसेसरच्या पोटात काम करणारे असतात, त्यांना कोर म्हणतात. तीनवाल्यात चार, पाचवाल्यात सहा किंवा जास्त. व्हिडिओ कॉल म्हणजे आपलं चित्र घडी करून पाठवायचं आणि त्याच वेळी तिकडून आलेलं उलगडायचं. दोन्ही कामं एकदम. कारागीर कमी पडले की बोटं धुकट.

मी विचारलं, मग आम्हांला कुठला?

"उलोवपाक तीनवालो पुरो. नव्या पिढयेचो घेयात, बस. पाचवालो कित्याक? तुमी कितें जड काम करतले?"

जड काम आहे. पूर्वा तिकडे शिकते तेच, कपड्याचे पॅटर्न कॉम्प्युटरवर काढणं. जुलैत ती परत दुकानात बसली की हेच करेल. पेडणे बाजारात असं करणारं कोणी नाही. पाटी काय रंगवायची तेही माझं ठरलंय. हे अजून सु.ला बोललो नाही.

१४ फेब्रु.

रात्रभर एकच गोष्ट डोक्यात. सत्तावीस इंची स्क्रीन म्हणजे सत्तावीस इंच रुंद नाही! कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरकी मोजलेली. मी असं माप घेतलं तर गिऱ्हाईक सदरा माझ्या तोंडावर फेकेल.

१८ फेब्रु., बुध.

खाकी कागदाचे तीन तुकडे कापले. बावीस, चोवीस आणि सत्तावीस, प्रत्येकाची खरी रुंदी-उंची काढून. बेडरूमच्या भिंतीवर टाचणीने लावले. सु. पलीकडच्या टोकाला बसली आणि मी प्रत्येक कागदासमोर, कागदाएवढ्याच जागेत हात हलवून दाखवले. बावीसमध्ये माझी बोटं तिला नीट कळेनात. तिला अजून चष्म्याचा नंबर काढून घ्यायचा नाही, तो वेगळा विषय. सत्तावीसला म्हणाली, "आतां कशें, पुराय मनीस दिसता."

वसंतमाम आले. शेजारचे, हायस्कुलातले निवृत्त मास्तर, वय शहात्तर. भिंतीवर तीन कोरे कागद बघून म्हणाले, "हें कितें, नवो देव?" कळल्यावर त्यांनीही सत्तावीसला मत दिलं. त्यांना त्यावर पेपर वाचायचा आहे. म्हणजे तेही रोज येणार.

जागा बेडरूमच. धूळ नाही, प्लग आहे, खिडकीचा उजेड पडद्यावर पडत नाही. प्रज्ञाबायनेही असंच सांगितलं होतं.

२२ फेब्रु., रवि.

कॉल. चार मिनिटं. अंगठा.

२ मार्च, सोम.

शिमग्याच्या मिरवणुकीत नाचणाऱ्या रोमटामेळासाठी सदऱ्यांची ऑर्डर. दिवसभर हिरवं आणि भगवं साटीन. बोटांना चकाकी लागलीय.

जेवताना सु.ने विचारलं, कुठला घेतोय. पाचवाला, मी म्हणालो. तिने पापडाचा तुकडा मोडला. "प्रज्ञाबाय सांगताली तीनवालो पुरो म्हणून."

मी म्हणालो, असू दे, पुढे उपयोगी पडेल.

"फुडें म्हळ्यार केन्ना?"

मी पाणी प्यायलो. सु. माझ्याकडे बघत राहिली. वीस वर्षं खुणांनी बोलणाऱ्या घरात माणसाला काही लपवता येत नाही, तोंडावर दिसतं. तिने पुढे विचारलं नाही, ताटात सोलकढी वाढली.

१३ मार्च, शुक्र.

आज सु.ला घेऊन म्हापशाला. सगळं ठरलं. पाचवाला नव्या पिढीचा, सोळाची रॅम, सत्तावीस इंच, कीबोर्ड, माऊस. प्रज्ञाबाय कागदावर लिहीत होती. सु. स्क्रीनच्या मागे-पुढे फिरत होती, बाजारात भोपळा तपासावा तशी. मग म्हणाली,

"आनी आमी तिका दिसतले खंयसून?"

या स्क्रीनला कॅमेराच नाही. फोनला असतो, लॅपटॉपला असतो, मी धरून चाललो होतो की सगळ्यांनाच असतो. महिनाभर मी इंच मोजले, कोर मोजले, सगळं आम्हांला ती दिसावी म्हणून. तिला आम्ही कसे दिसू हे मी एकदाही मनात आणलं नाही. मला फार लाज वाटली. प्रज्ञाबाय म्हणाली, तिला तुम्ही कसे दिसता ते तुमच्या स्क्रीनवर अवलंबून नाही. कॅमेरा, उजेड आणि प्रोसेसर यांच्यावर. स्क्रीन फक्त तुमच्यासाठी.

चांगला कॅमेरा वेगळा घेतला. पाडव्याला माल मिळेल.

१९ मार्च, गुरु. पाडवा.

आणला. देवाला ठेवून, कुंकू लावून मग जोडला. इंटरनेटवाला कालच नवी वायर टाकून गेला होता. सु.ने मागे भिंतीवर स्वच्छ पांढरी चादर लावली, पुण्यात पूर्वाच्या मैत्रिणी बघतील म्हणून. दुकानातला मशीनचा दिवा मी आणून टेबलाला अडकवला, उजेड चेहऱ्यावर आणि हातांवर. वसंतमामांनी पेपर उघडला आणि पहिली पंधरा मिनिटं फक्त निधनवार्ता वाचल्या.

२२ मार्च, रवि.

काय लिहू.

चित्र स्वच्छ. एकदाही अडकलं नाही. पूर्वा दिसली तेव्हा सु.ने पदर तोंडाला लावला. गालावर पुटकुळी आलीय तीसुद्धा दिसली. मला इतका आनंद झाला की सगळ्या बातम्या एकदम सांगायला लागलो. शिमगा, साटीन, डिचोलीची भाची, विहिरीवरचा पंप जळला ते. पूर्वा आधी हसली, मग कपाळाला आठ्या. मधेमधे 'काय? कोण?' विचारत होती. मी पुन्हा सांगितलं, मोठे हात करून. एकदम तिचा चेहरा उतरला. हात जोडले आणि रडायला लागली. सु. घाबरली, मीही. आम्ही विचारत राहिलो काय झालं, ती डोळे पुसत राहिली. मग निरोप न घेता गेली.

दहा मिनिटांनी फोनवर तिचा मेसेज: 'वसंतमाम कधी'

वसंतमाम त्या वेळी आमच्या वसरीत, पुढच्या खोलीत, बसून चहात पाव बुडवत होते.

त्यांचा तसाच फोटो काढून पाठवला. खाली लिहिलं, 'आज. आता.' तिचं उत्तर आलं नाही.

२३ मार्च, सोम.

सु.ला सकाळी उलगडलं. चपात्या लाटता लाटता आली, पिठाच्या हातांनी मला धरून वसरीत नेलं आणि माझ्या खुर्चीवर बसवलं. "पंप जळलो म्हण."

मी डावीकडे... नाही, वसरीतून विहीर उजवीकडे. बोट उजवीकडे गेलं, मग दोन्ही तळवे उलटे, म्हणजे संपला.

मग बेडरूममध्ये त्या चादरीपुढे बसवलं. "आतां म्हण."

बोट डावीकडे गेलं. बेडरूममधून विहीर डाव्या हाताला येते. आणि वसरीत माझ्या डाव्या हाताला कोण? वसंतमामांचं घर. डावीकडे बोट, तळवे उलटे. वसंतमाम संपले.

आमच्या सगळ्या खुणा घराला बांधलेल्या. ती त्या शिकली वसरीत, तिच्या जागेवरून माझ्या खुर्चीकडे बघत. तिच्यासाठी बाबा म्हणजे समोरचा बाबा, त्याचा हा हात विहीर, तो हात वसंतमाम, मागे रस्ता. मी खोली बदलली आणि वर पांढरी चादर लावून खोली ओळखू येईल असं काही ठेवलंच नाही. फोनवर हे कधी झालं नाही कारण फोनवर एवढं बोलणंच होत नव्हतं.

तिने 'कधी' विचारलं, मी 'आज. आता.' लिहिलं, आणि पोरीने एक रात्र माझ्यामुळे शेजाऱ्याचं सुतक पाळलं. लगेच तिला कळवलं, पंप जळला, वसंतमाम छान आहेत.

२४ मार्च, मंगळ.

वसंतमामांना सांगितलं. रागावतील म्हणून भीत होतो. ते इतके हसले की ठसका लागला. "मरणाची खबर आयली म्हळ्यार आयुष्य वाडलें. आतां धा वर्सां हांव खंय वचना." दहा वर्षं कुठे जात नाही म्हणे. मग विचारलं, "ती खऱ्यानीच रडली?"

हो म्हणालो. त्यांनी पेपर मागितला नाही, उठून घरी गेले.

२५ मार्च, बुध.

पूर्वाची जागा म्हणजे वसरीतला बाक, आतली खिडकी आणि आतलं दार यांच्यामधला. लहानपणापासून तिथेच. पाठ भिंतीला, म्हणजे मागून कोणी आलं असं होऊ नये. तिथून पुढचं दार दिसतं, स्वयंपाकघर दिसतं, समोरच्या खिडकीतून रस्ता दिसतो. कानांचं काम ती डोळ्यांनी करते, तर तिला तीच जागा हवी. तिथे बसून दोरे तोडायची, हेम घालायची, आणि बाहेर कोण आलं ते आमच्या आधी तिला कळायचं.

कॉम्प्युटर तिथेच ठेवायचा. ती जिथून बघायची तिथून तिला बघू दे.

टेप लावला. खिडकीची चौकट ते दाराची चौकट तेवीस इंच. सत्तावीसवाली स्क्रीन आडवी चोवीसला जरा जास्त. तीनदा मोजलं. टेप तेच सांगतो. चोवीसवाली एकवीस, आरामात बसते. महिनाभर भिंतीवर कागद लावून मी माप घेतलं, ते भलत्याच भिंतीवर.

२७ मार्च, शुक्र.

सत्तावीस इंच चादरीत बांधून बसने म्हापशाला. सात दिवसांत बदलून मिळतं म्हणाली होती, आजचा आठवा. प्रज्ञाबायने सगळं ऐकलं. आधी हसली, मग म्हणाली, "अशें कोणूच सांगूंक ना म्हाका, मास्तर. हांव विचारता प्लग खंय, उजवाड खंय. चली खंय बसताली तें केन्नाच विचारूंक ना." मुलगी कुठे बसायची ते कधी विचारलंच नाही म्हणे. चोवीस काढून दिली, दिवसांचं काही बोलली नाही.

मग म्हणाली, पाचवालाही बदलायचा का, तीनवाल्यावर काम चालतंय. मी म्हणालो, तो राहू दे. सु. माझ्याबरोबर आली होती. ती दुकानाबाहेर बघत राहिली.

२९ मार्च, रवि.

आज बोललो. पंचेचाळीस मिनिटं.

पूर्वा आली, बघितलं, आणि काही क्षण हललीच नाही. मग तिने एकेक दाखवायला सुरुवात केली. स्वयंपाकघर. रस्ता. विहीर. देऊळ. वसंतमामांचं घर, आणि त्यावर डोळे मिटून जीभ बाहेर काढून मेल्याचं सोंग! वसंतमाम आत बसले होतेच, त्यांनी उठून काठीने मारायला आल्याचं दाखवलं. इतकी हसलो सगळी. समोरच्या खिडकीबाहेर पाववाला पदेर सायकलवरून गेला, तिनेच आधी बघितला. हात केला. सु.ने त्याला थांबवून खिडकीशी आणलं, त्याने पावाची टोपली उचलून तिला दाखवली. स्क्रीन चोवीस इंच असून पुरली.

मल्लाप्पाला उद्या चहाबरोबर दोन भजी जास्त, कॉम्प्युटरची कल्पना त्याची.

५ एप्रिल, रवि.

पूर्वाच्या खोलीतल्या तीन मुली आज तिच्याबरोबर आल्या. तिघीही ऐकू न येणाऱ्या. आम्हांला नमस्कार वगैरे झाला आणि मग त्या आपसांत बोलायला लागल्या. काय ते हात! काय तो वेग! पूर्वा त्यांच्यात सगळ्यांत वेगवान. चित्र एवढं स्वच्छ की बोट न् बोट दिसत होतं, आणि मला एक अक्षर कळलं नाही. ही शिकलेली खुणांची भाषा, देशभर चालते म्हणे. त्यात कुठल्या विहिरीकडे बोट दाखवावं लागत नाही.

तिथे तिचं नावही वेगळं आहे. आमच्या घरी पूर्वा म्हणजे दोन वेण्या. तिथे गालावर बोट टेकवून फिरवतात, तिच्या खळीवरून. वीस वर्षांत मला ती खळी नावाजोगी वाटली नाही. मला जरा लागलं, खोटं कशाला लिहू.

सु. मात्र संध्याकाळभर स्वयंपाकघरात गालावर बोट फिरवत होती. सवय करते म्हणाली.

१२ एप्रिल, रवि.

पूर्वा आज एकटी. केस घट्ट बांधलेले, परीक्षेला बसल्यासारखी. हळूहळू, आमच्या खुणांत, एकेक मुद्दा नीट सांगितला. कोर्सच्याच लोकांच्या ओळखीने पुण्यात कपडे शिवणाऱ्या एका युनिटमध्ये काम मिळतंय. पॅटर्न काढायचं. त्या तिघींपैकी दोघी तिथेच लागल्यात. वरची बाई खुणांनी बोलते, स्वतः शिकून घेतलंय तिने. राहायची सोय आहे. जुलैपासून. तिला हवं आहे.

तिला जानेवारीतच कळलं होतं. फोनवर एवढं सांगता येत नव्हतं म्हणून अंगठा दाखवत राहिली. आता नीट दिसतं तर सांगितलं.

मी तिला जवळ ठेवायला ही सगळी यातायात केली, आणि तिने त्याच स्क्रीनवरून मला हे सांगितलं.

शेवटी सुईतून दोरा ओढल्याची खूण केली आणि भुवया वर. म्हणजे, बाबा? तुम्ही सांगा.

मी म्हणालो, पुढच्या रविवारी.

१३ एप्रिल, सोम.

सु. म्हणते, प्रसाद लावूया. गुरवाला सांगून देवाच्या अंगावर पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर जाऊ दे, डावी पडली तर नको. पुण्याला पाठवतानाही लावला होता, उजवी पडली होती. मी म्हणालो, तेव्हा देवाला विचारलं कारण आपण विचारणारे होतो. या वेळी मुलीने आपल्याला विचारलंय. देवावर कसं ढकलायचं?

सु. म्हणाली, "मागीर तुमी सांगात."

म्हणजे ते माझ्यावर आलं.

१५ एप्रिल, बुध.

भांडण. मीच सुरू केलं, चहा थंड आहे म्हणून. सु.ने कप ठेवला आणि म्हणाली, "पाचवालो कोणाखातीर घेतलो तें म्हाका खबर आसा. पयल्या दिसासावन खबर आसा. पूण तिका विचारलें तुमी, दुकानांत बसतली काय म्हणून?"

नाही विचारलं. मी ओरडलो की दुकान कोणासाठी चालवतोय मी मग. ती ओरडली नाही. म्हणाली, दुकानात गिऱ्हाईक पूर्वाला माप देतं आणि बोलतं तुमच्याशी. 'तिका सांग, हात लांब जाय.' ती समोर उभी, टेप तिच्या हातात, आणि बघतात तुमच्याकडे. सात वर्षं तिने हे बघितलं. पुण्यात तिला कोणी 'तिका सांग' म्हणत नाही.

हे खरं आहे. मी रोज बघितलं आणि मला कधी वाईट वाटलं नाही. मला वाटायचं, मी आहे ना सांगायला.

चहा तसाच राहिला.

१७ एप्रिल, शुक्र.

मल्लाप्पाला विचारलं, तू गावाहून निघालास तेव्हा वडील काय म्हणाले. काज करता करता म्हणाला, "काय म्हणणार? एस्टी स्टँडपर्यंत आले, पिशवी दिली, आन् गाडी सुटायच्या आधीच माघारी फिरले. मला लई राग आलता. आता माझी पोरगी मोठी झाली तवा कळतंय."

लग्नाचे सात ब्लाउज द्यायचे आहेत.

१९ एप्रिल, रवि.

सव्वातीन. सु.ने साडी बदलली, खुर्ची लावली. वसंतमामांना आज येऊ नका म्हणून सांगितलंय. विचारलं नाही त्यांनी का ते.

जेवण झाल्यावर बंद स्क्रीनसमोर बसून सराव केला. आमच्या खुणांत 'जा' म्हणजे रस्त्याकडे बोट आणि मनगट उघडणं, 'ये' म्हणजे मूठ छातीशी. दोन्ही करून बघितलं. दोन्ही जमतं. काळ्या काचेत माझा चेहरा दिसत होता, त्याचं काय करायचं ते जमलं नाही. टेलिफोनवर माणूस आवाज सांभाळून घेतो. पूर्वा हात नंतर वाचते, आधी चेहरा वाचते. उगाच हसून 'जा' म्हटलं तर तिला लगेच कळेल, आणि ती जाणार नाही. मग ती इथे बसेल, टेप हातात घेऊन, आणि ते मला रोज दिसेल.

तिने जावं असं मला वाटतं का? काल संध्याकाळी वाटत होतं. सकाळी विहिरीवर वाटत होतं. आता

पूर्वा आली. चार वाजायला अजून सात मिनिटं आहेत. सु. तिला काहीतरी सांगतेय, गालावर बोट फिरवून हाक मारली तशी ती हसली. मी मान खाली घालून लिहितोय ते तिला तिच्या जागेवरून दिसतंय. मी मान वर करायची ती वाट बघतेय.